उन्हाचे हातमोजे

वर्गात रोज मोबाइल जमा करून मी थकून गेले होते. देवळीत उन्हाळ्यात पोरी कोपरापर्यंत हातमोजे घालूनच शाळेत येतात, पण दहावीतली एक पोरगी पंख्याखालीही ते काढत नव्हती. आत मोबाइल लपवलाय, असं धरून मी चिडून एक हातमोजा ओढला. मोबाइल नव्हता. हातावर तिनं स्वतःच करून घेतलेल्या जखमा होत्या, काही जुन्या.

मी तिला बाहेर नेलं, जवळ बसवलं. “मले काऊन नाई सांगितलं?”

“आलती ना मी, मॅडम. पोरं मोबाइलवर माह्याबद्दल काय लिहून राह्यले, ते दाखवाले. तुम्ही म्हनलं, आधी मोबाइल जमा कर.”