भाईदासच्या दोन बाटल्या

वडील वारले म्हणून भाईदास पुण्याच्या शेतकी कॉलेजातलं शिक्षण अर्धवट सोडून शहाद्याजवळच्या आपल्या गावी परतला. साल १९३६. शेती अंगावर पडली, पण कॉलेजातली एक गोष्ट डोक्यातून जाईना. दूध आंबवणाऱ्या जंतूंच्या पोटात साखर फोडणारी द्रव्यं असतात, प्राध्यापक त्यांना एन्झाइम म्हणत. काही जंतूंची द्रव्यं साखरेचं नुसतं आम्ल करतात, काहींची सोबत वायूही सोडतात.

हे स्वतः पाहायचं त्यानं ठरवलं. उकळून गार केलेलं गुळाचं दूध दोन बाटल्यांत भरलं. एकीत आई नर्मदाबाईच्या दह्याचा थेंब टाकला. दुसरीत तुळशीबाईच्या आंबिलीचा. तुळशीबाई सातपुड्यातून कापूस वेचायला यायची, ज्वारीच्या पिठाची आंबील मडक्यात घेऊन. दोन्ही बाटल्यांच्या तोंडाला त्यानं जत्रेतले फुगे बांधले.

सकाळी आंबिलीचा फुगा ताठ उभा, दह्याचा लुळा. भाईदास हरखला.

"दही खावाकरता शे, फुगा फुगाडाकरता नही," आई म्हणाली.

उन्हाळा लागला आणि दह्याचाही फुगा फुगला. त्यानं बाटल्या धुतल्या, पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेवटी तो पुण्याला गेला.

"तिसराच जंतू शिरला असेल," प्राध्यापक म्हणाले. "किंवा उष्म्यामुळे असेल. एकेक जंतू वेगळा काढल्याशिवाय सांगता यायचं नाही."

तो आणखीच गोंधळून परतला. निदान विरजणं तरी ताजी घ्यावीत म्हणून तळोद्यापलीकडे तुळशीबाईच्या घरी चढून गेला. तिनं वाडगाभर आंबील पुढं ठेवली.

"हिचं विरजण कुठलं?" त्यानं विचारलं.

"भाऊ, तुमनी मायनी ताक दिधं व्हतं. मी तेच टाकेल शे."

भाईदास वाडगा हातात धरून बसून राहिला. दोन्ही मुळात एकच, तर आधी फरक का दिसला? की पिठातून दुसरे जंतू आले? मग दह्यात कुठून आले?

"जास्त आंबट व्हयनी का?" तुळशीबाईनं काळजीनं विचारलं.

"नही, चांगली शे," म्हणून तो प्यायला.

पुढं त्याचं लग्न झालं, शेत वाढलं. बाटल्या चालूच होत्या. कधी एक फुगा उभा राही, कधी दोन्ही, कधी एकही नाही.

"आज काय निंघनं?" बायको धनुबाई विचारायची.

"काहीच समजत नही," तो म्हणायचा आणि बाटली धुवायला विहिरीकडे निघायचा.