पाण्यानं मोजलेली दारू

दोन हजार सालच्या आसपास कोल्हापुरातल्या एका डॉक्टरबाईंनी इचलकरंजीतल्या एका दवाखान्यात अभ्यास सुरू केला. मी कॉलेजात संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. त्यांनी आकडेमोडीसाठी मला बोलावलं, आणि आठवड्यातले तीन दिवस मी माझ्या गावाहून, गडमुडशिंगीहून, एसटीनं तिकडं जाऊ लागलो.

दवाखान्यात खोकला, ताप, पोटदुखी घेऊन आलेल्या माणसाला दारूबद्दल दहा प्रश्न विचारायचे. फार पिणाऱ्याला सरळ उपचाराला पाठवायचं. पण जो अजून कामावर जातो आणि ज्याचं पिणं मात्र वाढत चाललंय, अशा मधल्यांचे दोन गट करायचे. एका गटाशी सिस्टरनी दहा मिनिटं बोलायचं, दुसऱ्याच्या हातात फक्त माहितीपत्रक द्यायचं. तीन महिन्यांनी सगळ्यांना परत विचारायचं. दहा मिनिटांच्या बोलण्यानं पिणं कमी होतं का, एवढंच पाहायचं होतं. माझा त्यावर विश्वास नव्हता. ज्या घरात बायको दहा वर्षं बोलतेय तिथं दहा मिनिटांनी काय होणार, असं मी डॉक्टरबाईंना तोंडावर म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, "म्हणूनच मोजायचं."

पण मोजणंच जमेना. 'एका वेळी किती ग्लास?' या प्रश्नाला उत्तरं यायची, पण ग्लास कुठला? कुणाचा स्टीलचा, कुणाचा चहाचा कप, कुठं यंत्रमागावर काम करणारे दोघं एकच बाटली वाटून घेणारे. फॉर्म भरलेले आणि आकडे निरुपयोगी. सिस्टरनी यावर उपाय काढला. त्यांनी घरून चार तऱ्हांचे ग्लास आणि एक पाण्याची कळशी आणली आणि प्रत्येकाला सांगू लागल्या, "रोज वतताय तसंच वता." मग मी ते पाणी कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेतून आणलेल्या मोजनळीत मोजायचो.

पहिल्याच दिवशी मी थक्क झालो. "थोडीच घेतो की" म्हणणारा माणूस न बघता ग्लास काठापर्यंत भरायचा. तोंड कमी सांगायचं, हात बरोबर सांगायचा.

त्याच महिन्यात माझी धाकटी बहीण नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडं आली. दाजी इचलकरंजीत माग चालवायचे. मारहाण नव्हती, पण रोजचं पिणं, आणि कामावर खाडे पडू लागले होते. "मी परत जाणार न्हाय, दादा," एवढंच तिनं सांगितलं. चार दिवसांनी दाजी दवाखान्यात आले. मागावरचा सूत नेणारा धोटा उडून त्यांच्या मनगटाला लागला होता आणि पट्टी बदलायची होती. मला बघून ते कसनुसं हसले.

"पावणं, तुमी हितं व्हय? आता हितं बी माझी उलटतपासणी?"

सिस्टरनी दहा प्रश्न विचारले. आवाज चढवला नाही, उपदेश केला नाही. मग कळशी पुढं केली.

"पाण्याची बी नशा मोजाय लागलासा काय, बाई?" दाजी म्हणाले आणि ओतू लागले. ग्लास भरला. सिस्टरनी विचारलं, "असं किती वेळा?" दाजींनी तो बादलीत रिकामा केला, परत भरला. परत रिकामा केला, परत भरला. तिसऱ्यांदा ओतताना ते हसत नव्हते. मी नळीतला आकडा वाचला आणि सिस्टरनी तो लिहून घेतला.

दाजी मधल्यांत निघाले. आता पाकीट. कोण कुठल्या गटात जाणार हे बंद पाकिटांवर ठरायचं. ती क्रमानं उघडायची, पण क्रम मीच लावलेला होता आणि माझ्या डोक्यातून आकडे जात नाहीत. पुढचं पाकीट माहितीपत्रकाचं आणि त्याच्या पुढचं बोलण्याचं, हे मला माहीत होतं. क्रम लावणाऱ्यानं पाकिटं उघडायला बसायचंच नसतं. ती चूक आमची होती. बाकावर मधल्यांतलाच आणखी एक विणकर बसला होता. त्याला आधी बोलावलं असतं तर दहा मिनिटं दाजींना मिळाली असती. कुणाला कळलं नसतं.

मी पुढचंच पाकीट उघडलं. दाजींनी माहितीपत्रक घडी करून खिशात घातलं आणि गेले. तिन्हीसांजेला घरी बहिणीला तोंड दाखवणं मला जड गेलं. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं आणि पाकिटांचं काम दुसऱ्याकडं दिलं.

तीन महिन्यांनी दाजी ठरल्या दिवशी आले. मी खोलीबाहेर थांबलो. बाहेर आल्यावर म्हणाले, "रविवारची घेतोय. बाकीची सोडली."

मी विचारलं, "पत्रक वाचलं व्हय?"

"कशाचं पत्रक? ते धुण्यात गेलं. तुमची भन वरडली की मी बी वरडायचो, वाद घालाय मिळायचा. त्या बाईनं नुसतं इचारलं आन् लिवलं. वाद कुणाशी घालू?"

सगळे आकडे जमले तेव्हा बोलणं झालेल्यांचं पिणं उतरलेलं दिसलं. पण पत्रकवाल्यांचंही उतरलं होतं, त्यामुळं दोन गटांतला फरक आम्हाला हवा तेवढा निघाला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, नीट विचारलं की विचारण्याचाच परिणाम होतो, आणि तो दोन्ही गटांत मिसळतो. माणसांनी खरं सांगितलं का, ही शंका मी अहवालात नोंदवली. तरी त्या कागदांकडं मी कितीतरी वेळ बघत राहिलो. इतकी वर्षं विचारणं म्हणजे माहिती गोळा करणं, असं मी समजत होतो.

पण त्याआधीच, दाजी आले त्याच संध्याकाळी, मी घरी बहिणीला त्यांचं सांगितलं होतं. ती भाकरी थापत होती.

"दादा, तू आकड्यातला माणूस. परत पिणार न्हाईत ह्याची खात्री किती?"

"एका माणसाचं सांगता येत न्हाय."

"मग कुणाचं सांगता येतंय?"

"शंभर जणांचं."

"मला एकच नवरा हाय," ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकून तिनं हात धुतले. "उद्या जाऊन बघते. पटलं न्हाय तर माघारी येईन, तेव्हा तुझी नळी काढू नको."

सकाळच्या पहिल्या एसटीनं ती गेली. महिन्यानं आली ती सणाला, दाजींना घेऊन.