दोन दगडू, एक ओळ

जुन्या नोंदी संगणकात भरणाऱ्या मंडळींनो, आज माझ्या हातून काय झालं ते वाचा आणि मग खुशाल शिव्या घाला.

पन्नास-साठच्या दशकांतल्या जन्मनोंदी आम्ही भरल्यात. प्रत्येक मुलाची एक ओळ. साहेबांना रिपोर्टमध्ये एका आईची एकच ओळ हवी होती, सगळ्या मुलांची नावं स्वल्पविरामाने जोडून. तेव्हाचे कारकून एकच मूल कधी कधी दोनदा लिहायचे, म्हणून मी रिपोर्ट काढणाऱ्या क्वेरीत हुशारी केली. आईच्या ओळीत तेच नाव पुन्हा आलं की गाळायचं.

आज दुपारी म्हसावदकडचे दगडूनाना आले. नातीच्या जातपडताळणीसाठी त्यांना स्वतःची जन्मनोंद हवी होती. त्यांच्या आईच्या ओळीत दगडू एकच, आणि पुढे शेरा 'मयत'.

"तो मन्हा मोठा भाऊ," नाना म्हणाले. "तो गया, म्हनीसन मायनी मन्हं नावबी दगडूच ठेवं. दगडले मरन येत नही ना."

मी ती गाळायची अट काढून रिपोर्ट पुन्हा चालवला. नाना यादीत परत आले, पण त्यांच्याबरोबर गाळलेली ढीगभर दुबार नावंही परत आली. तारखाही धड नाहीत. त्यातलं खरं मूल कोणतं आणि कारकुनाची चूक कोणती, हे त्या आयांशिवाय कोण सांगणार?

साहेबांनी नवा रिपोर्ट हातातही घेतला नाही. म्हणाले, जुना मंजूर झालाय, तोच खरा, दाखलेही त्यावरूनच.

नाना उठले. "नातले काय सांगू? मी मरी गऊ म्हनीसन?"

नाना निदान विचारायला तरी आले. जे येणारच नाहीत, ते माझ्या कुठल्या स्वल्पविरामात गेले, सांगेल कोणी?