कासाबाईच्या रक्ताचा कागद

कासाबाईनं हाक दिली आणि मेंढरं जागची हलली नाहीत, तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. ताडकळसच्या शिवारात, ज्वारी निघालेल्या रानात मेंढरांचं खांड पांगलं होतं. वीस-बावीस वर्षं तिच्या एका हाकेसरशी सगळी मेंढरं माना वर करून चालू लागायची. आता घशातून निघाला तो जाडाभरडा, पुरुषासारखा आवाज. मेंढरांनी तो ओळखलाच नाही. शेवटी येडबा, तिचा नवरा, ओढ्याकडून पळत आला आणि त्यानं खांड वळवलं.

तसं अंग दोन वर्षांपासून खचत चाललं होतं. पाणी आणायला गेली की वाटेत दोनदा बसावं लागे. चैताच्या उन्हातही तिच्या खांद्यावरचं घोंगडं उतरत नसे. तोंड सुजल्यासारखं दिसे, केस विंचरताना हातात येत, आणि गळ्यावर बोराएवढी गाठ होती ती लिंबाएवढी झाली. एका दुपारी बाभळीच्या सावलीला ती राखणीला बसली आणि बसल्या जागी झोपली. लांडग्यानं दोन कोकरं नेली. येडबा एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

सून केवळाबाई मात्र बोलायची. "निजून निजून तोंड सुजायलंय तुमचं, आत्याबाई," ती भाकरी थापता थापता म्हणायची. कासाबाईला उलटून बोलायचंही बळ नव्हतं. मनातून तिला वाटे, पोरगी काय खोटं बोलत नाही. आपणच आळशी झालो.

ताडकळसच्या बाजारात चंद्रभान नावाचा माणूस शिश्या मांडून बसायचा. निजामाच्या वेळी तो फौजेच्या दवाखान्यात नोकर होता, एवढ्यावर लोक त्याला कंपाउंडर म्हणत. त्यानं गाठ दाबून पाहिली आणि एक तपकिरी औषध दिलं. सकाळ-संध्याकाळ गाठीवर लाव म्हणाला. ते झोंबायचं, मानेवर गंजासारखा डाग पडायचा. कासाबाईनं आठ महिने नेमानं लावलं. गाठ तेवढीच राहिली.

मेंढरांनी हाक ओळखली नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी येडबानं तिला मोटारीनं परभणीला नेलं. हा मुलूख मुंबई राज्यात गेला त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि सरकारी दवाखान्यात दिनकरराव नावाचे नवे डॉक्टर आले होते. हैद्राबादेत शिकलेले, पण जिल्ह्यातलेच. त्यांनी तिची नाडी पाहिली, गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, पायाची सूज दाबली.

"किती दिवस झाले असं व्हायलंय?"

"दोन वर्सं झाली, डॉक्टरसाब. लय थकायलंय. बसलं की उठावंच वाटत न्हाई."

"या गाठीच्या जागी एक ग्रंथी असते, बाई. ती सगळ्या अंगाला धग देते. तुमची थंड पडली, असं मला वाटतं. पण रक्त बघावं लागेल."

नर्स कस्तुराबाईनं तिच्या दंडातून रक्त काढलं. त्या तपासणीची सोय परभणीत नव्हती. शिशी बर्फात घालून हैद्राबादच्या गाडीनं गेली, आणि उत्तर यायला तीन आठवडे लागले.

दोघं परत आले तेव्हा डॉक्टर कागद हातात घेऊन बसले होते. त्यांनी तो वाचला, कासाबाईकडं पाहिलं, पुन्हा वाचला.

"हा कागद उलटंच सांगतोय," ते म्हणाले. "याच्या हिशेबानं तुमची ग्रंथी दुप्पट-तिप्पट जोरानं चालायला पाहिजे. छाती धडधडावी, घामानं भिजावं, अंगावर मांस राहू नये. आणि तुम्ही तर गारठून बसलाय."

"मंग हिला रोग न्हाई म्हना की," येडबा म्हणाला. त्याच्या बोलण्यात सुटका होती.

कासाबाईला मात्र सुटका वाटली नाही. रोग नसेल तर केवळाबाईचंच खरं. घरी जाऊन सुनेपुढं काय तोंड दाखवायचं, या विचारानं ती बाकावरून उठेना.

"रोग आहे," डॉक्टर म्हणाले. "शिश्यांची अदलाबदल झाली असेल. पुन्हा रक्त घेऊ."

कस्तुराबाई दंडाला पट्टा बांधायला वाकली आणि थांबली. चोळीच्या गळ्याला आतून तपकिरी डाग होते. "हे काय लागलंय, बाई?"

कासाबाई शरमली. सरकारी दवाखान्यात डागाळलेली मान कशी दाखवायची, म्हणून दोन्ही खेपेला ती औषध न लावता, राखेनं मान घासून आली होती. चोळीचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं चंद्रभानचं औषध सांगितलं, आठ महिने सांगितले.

डॉक्टर रागावले नाहीत. कागद टेबलावर ठेवून त्यांनी डोळे चोळले. "ते आयोडीन आहे. कातडीतून रक्तात जातं. ग्रंथीच्या रसातही आयोडीन असतं, म्हणून ही तपासणी रक्तातलं आयोडीनच मोजते. ग्रंथीच्या रसातलं कोणतं, बाहेरून आलेलं कोणतं, ते तिला कळत नाही."

येडबाला काही उमजेना. कासाबाईच म्हणाली, "दुसऱ्याची मेंढरं आपल्या खांडात घुसली आन् कुणी मोजून गेलं, तर आपलं खांड मोठंच दिसनार. तसं झालंय."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. "आता ती बाहेरची मेंढरं जाऊ द्यायची. दोन महिने गळ्याला काही लावू नका. मग पुन्हा रक्त."

"तवर दवा?" येडबानं विचारलं.

"तोवर काही नाही. कळ काढावी लागेल."

ते दोन महिने पूस-माघाचे. कासाबाई चुलीपाशी बसून असायची. हाताची बोटं गार पडत, शब्द जिभेवर येता येता अडकत. बाजारात चंद्रभान भेटला. "मी तर चांगल्यासाठीच दिलं होतं," तो म्हणाला. भांडायला ताकद लागते. तिनं उरलेली शिशी त्याच्यापुढं ठेवली आणि चालू लागली.

फाल्गुनात दुसरा कागद आला. डॉक्टरांनी तो एकदाच वाचला. "आता खरं आलं. फार कमी आहे."

"म्हंजी हाय रोग?" कासाबाईनं विचारलं.

"आहे."

तिनं पदर डोळ्याला लावला. येडबाला वाटलं, घाबरली. ती घाबरली नव्हती.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मेंढरासारख्या जनावरांच्या गळ्यातली हीच ग्रंथी वाळवून त्या करतात, रोज एक, जन्मभर, असं सांगितलं. येडबानं एक गोळी तळहातावर घेऊन पाहिली. "आमचं समदं मेंढरांवरच हाय," तो म्हणाला.

फरक सावकाश पडला. आधी तोंडाची सूज उतरली, मग एक दिवस घोंगडं ओझ्यासारखं वाटलं. गाठ थोडी बसली. आवाज काही पहिल्यासारखा झाला नाही. खांड वळवायचं काम केवळाबाईनं शिकून घेतलं, आणि मेंढरं तिचं ऐकू लागली. संध्याकाळी पाय दुखायचे तसे दुखतच राहिले, पण झोपून उठल्यावर थोडे हलके व्हायचे. एवढंही दोन वर्षांत नव्हतं.

वैशाखात दोघी सासू-सुना लोकर निवडत बसल्या होत्या. केवळाबाई मान खाली घालून म्हणाली, "आत्याबाई, मी लय टाकून बोलले तुमाला."

कासाबाईचा हात थांबला नाही. लोकरीतलं कुसळ काढून तिनं बाजूला टाकलं.

"मला बी ते खरंच वाटायलं होतं गं," ती म्हणाली.