पहिल्या हाकेला ओ

दुपारची जेवणं झाली की आमची इमारत थोडी निवते. खाली क्लास आहेत, तिथली पोरं तेवढ्यापुरती घरी गेलेली असतात. राजारामपुरीतल्या गाड्यांचा आवाज असतोच, पण तो आता कानाला कळत नाही. अशाच एका दुपारी मी दाराकडं पाठ करून जमिनीवर तांदूळ निवडत बसले होते, आणि पाठीमागून हाक आली.

"तंगे."

ताटातला हात तसाच राहिला. मला तंगी म्हणणारं माणूस जगात एकच होतं, माझी थोरली जाऊ. तिचं माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं. तिकडं धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. लग्न होऊन मी कुरुंदवाडजवळच्या त्या घरात गेले तेव्हापासून मी तिची तंगी, ती माझी अक्का. आणि अक्का जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

मी ओ दिली नाही. दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. ती आली नाही.

हे मला अक्कानंच शिकवलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आम्ही दोघी मळ्यात वैरण कापत होतो. ऊन डोक्यावर आलेलं. उसापलीकडून कुणीतरी हाक दिली आणि मी पटकन तोंड उघडलं, तर अक्कानं माझा दंड धरला.

"गप. एका हाकंला ओ द्यायची न्हाय. माणूस असलं तर परत हाक मारतंय की. जे माणूस न्हाय, त्येला दुसऱ्यांदा हाक माराय येत न्हाय."

"आणि दिली ओ तर?"

"मग जा त्येच्यासंगट. धारा मी एकटीच काढू व्हय?"

ती स्वतः नेहमी दोनदा हाक मारायची. आधी "तंगे", आणि जरा थांबून, लांबवून, "ये तंगे". मी दुसरीलाच ओ द्यायची. पंचवीस-तीस वर्षं गोठ्यात आमचं असंच चाललं. माझे मालक लवकर गेले, तरी त्या गोठ्यामुळं दिवस कसा मावळायचा ते समजायचं नाही. मग अक्का गेली. दिरांना एकट्यानं झेपेना, त्यांनी म्हशी विकल्या, आणि मुलानं मला इथं फ्लॅटमध्ये आणलं.

इथं मला काही त्रास नाही. सून मला आत्ती म्हणते, मान देते. पण सकाळी जाग आली की उठून करायचं काय, ते सुचायचं नाही. अन्न मातीसारखं लागायचं. केस विंचरायचा कंटाळा यायचा. आणि दुपारी ती हाक यायची. रोज नाही, पण यायची. एकच.

एकदा मी गॅससमोर उभी होते आणि दूध उतू गेलं. सून धावत आली.

"आत्ती, अवो समोर उभ्या हाईसा की! हाक मारली मी तुम्हाला."

"एकदाच मारलीस," मी म्हणाले.

तिला वाटलं मी टोमणा मारला. दुसऱ्या दिवशी मात्र तीच मला डॉक्टरांकडं घेऊन गेली. रक्त वगैरे सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, हे नैराश्य आहे, हलकं आहे, गोळीची गरज नाही. कुणाशी तरी नीट बोलत राहा. आता मोबाईलवर समुपदेशक बाई आठवड्याला बोलतात, तशी सोय असते.

मला बोलायचं भय वाटलं. चौथीत फळ्यासमोर उभं करून कविता म्हणायला लावली होती, त्यानंतर मी परक्या माणसापुढं अशी बोललेच नव्हते. पण खरं भय ते नव्हतं. हाकेचं सांगितलं तर मला वेडी म्हणतील, हे भय होतं, आणि त्याहून मोठं म्हणजे, ती मोबाईलवरची बाई मला बरं करेल आणि हाक बंद होईल. अक्काचं मग माझ्याजवळ काय उरणार होतं?

सुनेनं मला आतल्या खोलीत बसवलं, पंखा बंद केला, दार लोटून घेतलं. मी फोन कानाला लावला.

"आत्ती, तोंडासमोर धरा," ती दाराआडून कुजबुजली. "त्या ताईंस्नी नुसता तुमचा कान दिसतोय."

फोनवरची ताई माझ्या मुलीच्या वयाची होती. पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलायची. "नमस्कार ताई, माझा आवाज येतोय का?" तिनं विचारलं. मी गप्प. तिनं फोन ठेवून परत लावला, परत विचारलं, तेव्हा मी व्हय म्हणाले. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्याही. ती म्हणाली, तुमच्याकडं नेटवर्क कमी दिसतंय, खिडकीजवळ बसून बघा. मग मी खिडकीजवळ बसू लागले. नेटवर्कला काही झालेलं नव्हतं. ज्या बाईला हात लावून बघता येत नाही, तिच्या पहिल्या हाकेला ओ द्यायला माझी जीभ वळत नव्हती, एवढंच.

ती झोपेचं विचारायची, जेवणाचं विचारायची. सकाळी खाली उतरून भाजी तुम्हीच आणा म्हणाली, ती मी आणू लागले. म्हशींचं सांगितलं की हसायची. आमची एक म्हैस अक्काचं लुगडं असल्याशिवाय पान्हा सोडायची नाही, म्हणून अक्का गावाला गेली की मी तिचं लुगडं नेसून धार काढायची. ते ऐकून तर ती तोंडावर हात ठेवून हसली. अक्काबद्दल मी सगळं सांगितलं. हाकेचं तेवढं नाही.

मग एकदा बोलता बोलताच हाक आली. "तंगे." माझी मान वळली.

"कोणी हाक मारली का तुम्हाला?" फोनमधून ताईनं विचारलं.

मी गप्प राहिले. तिनंही घाई केली नाही. जरा वेळानं तिनं परत, हळू, विचारलं, "ताई, कोणी हाक मारली का?"

दोनदा विचारलं. दोनदा विचारल्यावर गप्प राहायची मला सवय नव्हती. मी सगळं सांगून टाकलं.

ती दचकली नाही. गेलेल्या माणसाचा आवाज बऱ्याच जणांना येतो म्हणाली. मग तिनं विचारलं, "त्यांच्यामागे जावंसं वाटतं का तुम्हाला?"

मी खरंच विचार केला. "जावंसं न्हाय वाटत. थांबावंसं वाटतं. दुसऱ्या हाकेपर्यंत." मग माझं मलाच धाडस आलं. "ताई, मी बरी झाले की ही हाक बंद हुईल का?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खोटं नाही सांगणार. पण मी ती बंद करायला बसलेली नाही. तुम्ही जेवावं, झोपावं, एवढ्यासाठी बसलेय." आणि थोड्या वेळानं, "अक्का हाक मारायच्या, तेव्हा त्यांचं काम काय असायचं?"

काम काय असायचं? कधी दुधाची किटली उचलायची, कधी रेडकू धरायचं. पण बहुतेक वेळा काहीच नसायचं. मी कुठं आहे, एवढंच तिला बघायचं असायचं.

हे तोंडातून निघालं आणि मी फोन तसाच मांडीवर ठेवला. ताईला त्या दिवशी बराच वेळ नुसतं छत दिसलं असेल.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, ताटात तांदूळ होते आणि हाक आली. मी सवयीनं थांबले. थांबल्या थांबल्या मनात आलं, जे माणूस नाही त्याला दुसऱ्यांदा हाक मारता येत नाही. म्हणजे अक्काला येतच नसेल. मी इकडं दुसरीची वाट बघत बसलेय, आणि ती तिकडं एक हाक मारून दारात ताटकळत उभी आहे. किती दुपारी उभी राहिली असेल ती?

ओ दिली तर त्याच्यासंगट जावं लागतं, हे तिनंच सांगितलेलं. तरी मी म्हणाले, मोठ्यानं म्हणाले, "ओ अक्का. हितंच हाय मी."

काही झालं नाही. कुठंतरी मिक्सर सुरू झाला.

"आत्ती, कुणाला वो?" सुनेनं बाहेरून विचारलं. मी बोलले नाही. "आत्ती? कुणाला म्हणलासा?"

"अक्काला."

ती आत येऊन माझ्यापुढं उभी राहिली. माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं. मग समोर बसली आणि निम्मे तांदूळ आपल्याकडं ओढून घेतले.

त्यानंतर हाक आलेली नाही. जेवण जातं, झोप लागते. मागच्या वेळी ताईनं "आवाज येतोय का" म्हटलं आणि मी लगेच व्हय म्हणाले, तर तिला बरं वाटलं. म्हणाली, आज नेटवर्क छान आहे. मी काही सांगितलं नाही.

सून म्हणते, आत्ती, भिंतीला टेकून बसा की, पाठ दुखंल. पण तांदूळ निवडताना मी अजून दाराकडं पाठ करूनच बसते.