अर्धी मिटलेली छत्री

त्या शहरात उतरल्या उतरल्या मला पहिली शंका आली ती तिथल्या हसण्याची. विमानतळावर शिक्के मारणारा हसला, टॅक्सीवाला हसला, लेकीच्या इमारतीत जिना पुसणारी बाई हसली. लिफ्टमध्ये नुसती चड्डी घातलेले, खांद्यावर ओला टॉवेल टाकलेले एक आजोबा होते, तेही हसले. ओळख ना पाळख. आपल्याकडे अनोळखी माणूस एवढं गोड हसला तर मी आधी पर्स चाचपते. तिथेही चाचपली.

"आई, इथे असंच असतं," लेक म्हणाली.

"असू दे. त्यांना हसू दे. तू कुणाकडे बघून हसू नकोस म्हणजे झालं."

माझी माऊ तिथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. तिची तात्पुरती नोकरी संपत आली होती आणि कायम व्हायचं असेल तर शुक्रवारपर्यंत करारावर सही करायची होती. "तू येऊन बघ, तुला पटलं तर सही करते, नाहीतर तुझ्याबरोबर परत येते," असं तिने स्वतःहून कबूल केलं होतं. मला विमानात बसवायला आलेले हे म्हणाले होते, "बघायला चालली आहेस, धाड घालायला नाही, एवढं लक्षात ठेव."

मी बघत होते. खोली चौथ्या मजल्यावर, मागच्या गल्लीत. खिडकीतून साडीच्या काठाएवढा समुद्र दिसायचा, पण खिडकीला गज नाहीत. दाराला किल्लीच नाही, नुसते आकडे दाबायचे. म्हणजे आकडे कळले की झालं, कोणीही आत. रात्री मी दाराला खुर्ची लावायचे आणि खुर्चीवर स्टीलचा डबा ठेवायचे, पडला तर आवाज व्हावा म्हणून. रस्त्यावर ओली माणसं अनवाणी चालतात, तशीच दुकानात शिरतात, कोणी कोणाकडे बघत नाही. गाड्या हॉर्न न वाजवता पाठीशी येऊन उभ्या राहतात. अहो, हॉर्न न वाजवता गाडी मागे आली तर माणसाने समजायचं काय? आणि वाळू! बादलीत वाळू, चपलेत वाळू, टॉवेल झटकला की वाळू. सगळं शहर स्वच्छ दिसतं, पण हात फिरवला की खरखरतं.

शिवाय माऊकरवी जो तो मला सांगायचा, "काळजी करू नका." घरमालक म्हणाला, प्रयोगशाळेतल्या तिच्या मोठ्या बाई म्हणाल्या, बसवाला म्हणाला. मी एक अक्षर न बोलता सगळे मला काळजी करू नका म्हणतात, म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

न हसणारी, न बोलणारी एकच बाई मला तिथे दिसली, ती किनाऱ्यावरची छत्रीवाली. अर्थात तिचा मला सगळ्यात जास्त संशय आला.

माऊची कामाची पाळी दुपारची, त्यामुळे सकाळी ती पोहायला जायची. एकटी. आपल्याकडच्या तलावात ती शिकली, चांगली पोहते, पण तलावाला चारी बाजूंनी भिंत असते. मी वाळूत जाऊन बसायला साफ नकार दिला. उघड्यावाघड्या माणसांच्या मधोमध साडी नेसून मी काय करू? रस्त्याच्या कडेला बाक होते, तिथे मी तिथल्याच भाषेतलं एक वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे. वाचता येत नव्हतं, पण मला त्याच्या आडून बघायचं होतं.

छत्रीवाली साठीची असावी. आडव्या बांध्याची, अंगात पुरुषी शर्ट, डोक्यावर टोपी, पायात मोजे आणि त्यावर सँडल, कमरेला दोरीने बांधलेला लाकडी हातोडा. भाड्याच्या छत्र्या निळ्या-पांढऱ्या, उन्हाने विटलेल्या. ती छत्रीचा दांडा वाळूत गोल गोल फिरवत रोवायची, बुडाशी वाळू थापायची, त्यावर पाणी ओतून पायाने दाबायची, मग वारा कुठून येतो ते गालावर अजमावून छत्री कलती करायची. हात तरबेज होता, यात वाद नाही. पण तोंड असं, जणू मी तिच्या घरात न विचारता शिरले आहे. आणि बघायची सारखी माझ्याकडेच.

दुसऱ्याच दिवशी मला ते दिसलं. माऊने छत्रीखाली टॉवेल, पिशवी, चपला ठेवल्या आणि ती पाण्यात गेली. ती कमरेएवढ्या पाण्यात पोचली तशी छत्रीवाली हळूच आली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खीळ काढून छत्री अर्ध्यावर मिटवली आणि निघून गेली. जाताना तिने लांब लाकडी मचाणावर बसलेल्या पोराला हात केला. त्याच्या गळ्यात शिट्टी आणि दुर्बीण होती. त्याने लगेच दुर्बीण डोळ्यांना लावली, तीही थेट माझ्या लेकीवर! माऊ परत फिरली, तशी छत्रीवालीने येऊन छत्री पुन्हा उघडली. जसं काही झालंच नाही.

शेजारच्या छत्र्या? त्या उघड्याच. तिथे नवराबायको होते, मैत्रिणी होत्या. मिटवली ती एकट्या पोरीची.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता शंका उरली नव्हती. ही खूण होती. अर्धी छत्री म्हणजे पोरगी एकटी आहे, सामान बेवारस आहे, घरात कोणी नाही.

रात्री जेवताना मी विषय काढला.

"छत्री? मिटवते?" माऊने विचारलं. "मी बाहेर येते तेव्हा तर उघडीच असते."

"तेच तर! तू बाहेर यायच्या आत उघडते."

"अगं, वाऱ्याने उडू नये म्हणून असेल."

"मग शेजारच्यांना काय वेगळा वारा लागतो?"

"आई, तू ना पोलिसात जायला हवं होतंस."

"अजून उशीर झाला नाही," मी म्हणाले.

बुधवारी सकाळी मी ठरवूनच गेले. माऊ पाण्यात शिरली, छत्रीवालीने छत्री अर्धी केली, मचाणाकडे हात केला आणि किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी छत्री रोवायला गेली. मी वर्तमानपत्र काखेत मारलं, साडी घोट्याच्या वर धरली आणि उतरले वाळूत. जाऊन आधी ती छत्री पूर्ण उघडली. खीळ अडकत नव्हती, पण अडकवली. मग माऊची पिशवी, टॉवेल, चपला सगळं उचललं. म्हटलं, घ्या आता काय घ्यायचं ते. मान वर करून मचाणाकडे पाहिलं तर पोराने दुर्बीण फिरवून भलतीकडेच धरली होती. मला केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू!

मी रस्त्याच्या अर्ध्या वाटेवर असेन. मागून कोणीतरी ओरडलं. वळून पाहते तो छत्रीवाली, टोपी उडालेली, वाळूतून जमेल तशी धावत येते आहे. आली ती तिने थेट माऊच्या पिशवीलाच हात घातला.

"सोड!" मी ओरडले. "चोर कुठली! माझ्या लेकीची आहे ती!"

तीही ओरडत होती. तिची भाषा मला कळेना, माझी तिला. मी एक बंद धरला होता, तिने दुसरा. माझी चप्पल वाळूत रुतली, तिचा हातोडा माझ्या गुडघ्याला लागला. चार माणसं जमली आणि हो, तीही हसत होती. छत्रीवाली मध्येच थांबली. हातातला बंद न सोडता तिने समुद्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पिशवीकडे. तिचा चेहरा एकदम उतरला. तिने पिशवी सोडली, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की माझे कान बधिर झाले.

मचाणावरचा पोरगा उडी मारून धावत सुटला. तेव्हा मी पहिल्यांदा समुद्राकडे नीट पाहिलं. इतका वेळ माझी पाठ होती तिकडे.

माऊ होती तिथे नव्हती. खूप डावीकडे, खडकांच्या बाजूला, एक डोकं दिसत होतं. वर यायचं, दिसेनासं व्हायचं. मी त्या बाईचा शर्ट धरला. तिने माझा हात धरून ठेवला. कोणी कोणाला काय म्हणालं ते मला आठवत नाही. पोरगा तिला घेऊन बाहेर आला तेव्हाही आम्ही तशाच उभ्या होतो.

माऊ शुद्धीवर होती, दमली होती, कोपर खरचटलं होतं. वाळूत बसून खोकत खोकत ती म्हणाली, "मी दोनदा हात केला, आई. कोणी बघतच नव्हतं."

मग छत्रीवाली माझ्यावर जी सुटली! माऊ मध्ये बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होती, तिचेच दात वाजत होते.

"ती म्हणते, छत्रीला हात का लावला."

"तिला सांग, तू खुणा करत होतीस म्हणून."

"ती म्हणते, हो, खूणच आहे ती. अर्धी छत्री म्हणजे माणूस एकटा पाण्यात गेला आहे, त्याच्यावर लक्ष ठेव. उघडी आणि खाली सामान नाही म्हणजे तो घरी गेला." माऊ थांबली. "आई, आणि ती म्हणते, एक बाई तीन-चार दिवस वर्तमानपत्राआडून या एकट्या पोरीवर पाळत ठेवून होती. पान उलटतच नव्हती म्हणे. ती पोलिसांना सांगणार होती."

मी पदराने लेकीचं डोकं पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी माऊने रजा घेतली होती; संध्याकाळी आम्ही दोघी छत्रीवालीकडे गेलो. किनाऱ्याच्या मागे पत्र्याची खोली, निम्म्या खोलीत छत्र्या रचलेल्या, उरलेल्यात एक स्टूल, एक रेडिओ आणि ती. स्टुलावर तिने मला बसवलं, स्वतः छत्र्यांच्या गठ्ठ्यावर बसली आणि एका फाटक्या छत्रीला ठिगळ लावत बोलत राहिली. ती मुळात इथली नव्हतीच. डोंगराकडची, लग्न होऊन आली, समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. अजूनही गुडघ्याच्या पुढे पाण्यात जात नाही. छत्र्या नवऱ्याच्या. तो गेला, छत्र्या उरल्या. एकुलती मुलगी लांब कुठल्यातरी थंड शहरात नोकरीला आहे.

आणि त्या खुणेचं कारण? नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एक माणूस सकाळी छत्री घेऊन बसला. जोडे मोज्यांसकट नीट शेजारी ठेवले आणि पाण्यात गेला. ही दिवसभर तिथून ये-जा करत होती, सावली सरकली तशी छत्रीही सरकवत होती. संध्याकाळी सगळ्या छत्र्या गोळा केल्या, ही एक उरली. जोडे तिथेच होते.

"म्हणते, मी त्याच्या जोड्यांवर ऊन येऊ नये म्हणून छत्री हलवत होते," माऊने हळूच सांगितलं.

छत्रीवालीने दाताने दोरा तोडला. मी माऊला म्हटलं, "तिला विचार, तू इथे राहिलीस तर ती तुझ्याकडे बघेल ना? मला शब्द दे म्हणावं."

छत्रीवालीने ऐकून घेतलं आणि मान ठाम हलवली. नाही.

"ती म्हणते, समुद्राचा शब्द मी देत नाही. छत्रीचा देते."

घरमालकाने, मोठ्या बाईंनी, बसवाल्याने, सगळ्यांनी मला न मागता शब्द दिला होता. मागूनही नाही म्हणणारी ही पहिलीच.

"तिला विचार, तिची मुलगी तिकडे थंडीत आहे, तिची हिला काळजी नाही वाटत?"

माऊने विचारलं. उत्तर एकाच शब्दाचं होतं, ‘वाटते’ म्हणून माऊने सांगायची गरज पडली नाही.

शुक्रवारी सकाळी माऊ म्हणाली, "आज मी पाण्यात जाणार आहे. नाही गेले तर पुन्हा कधीच जाणार नाही. तू घरी थांबतेस का?" घरी कशी थांबणार? बाकावरही नाही. मी वाळूत गेले आणि तिच्या छत्रीखाली खुर्चीत बसले, साडीसकट. छत्रीवालीने येऊन माझ्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात कोंबलं. माझी खुर्ची उचलून समुद्राकडे तोंड करून ठेवली.

माऊ पाण्यात गेली. मी डोळ्यांत तेल घालून बसले. छत्रीवालीने खिळीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी हातवारे करून सांगितलं: मी आहे ना, मी बघते आहे, ती एकटी नाही.

तिने मला खालपासून वरपर्यंत एकदा न्याहाळलं. मग खीळ काढली आणि छत्री माझ्या डोक्यावर अर्धी मिटवली. मचाणाकडे हात करून निघूनही गेली.

तिचा माझ्यावर कणभरही विश्वास नव्हता. आल्यापासून पहिल्यांदा माझा जीव जरा भांड्यात पडला. त्या अर्ध्या छत्रीखाली मान वाकवून, नजर पाण्यावरून न काढता, मी चाचपत ह्यांना फोन लावला.

"अहो, करू दे तिला सही."

"पटलं वाटतं एकदाचं!"

"छे, कुठलं पटतंय," मी म्हणाले. "ठेवा आता फोन, माझं इकडे लक्ष आहे."