जायफळाचे वेढे मी मोजले नाहीत

"नटमेग पॉयझनिंग," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी नुसता तोंडाकडं बघत राहिलो तेव्हा त्यांनी मराठीत सांगितलं, "जायफळाची विषबाधा. आजोबा, बाळाला दुसरा आजार दिसत नाही. तुम्ही जे पाजलंत त्यानंच हे झालंय."

रविवारची दुपार होती. सोमाटण्याच्या अलीकडं लहान मुलांचं हॉस्पिटल आहे, तिथं आम्ही उभे. एका अंगाला माझा मुलगा दत्ता, दुसऱ्या अंगाला सून पूनम. काचेपलीकडं आठ महिन्यांची नात पडलेली. कागदावर तिचं नाव आर्वी, मी चिमी म्हणतो. नाकात नळी, हाताला सलाईन, आणि डोक्याशी यंत्र टिकटिक करत होतं.

विष मी घातलं होतं. लिहायला लाज वाटते. पण ज्यांच्या घरात दात येणारं पोर आहे त्यांनी वाचावं म्हणून लिहितो. चौथी शिकलोय, जसं येतं तसं लिहितो.

मी लोणावळ्याजवळच्या औंढ्याचा. रेल्वेत गँगमन होतो. घाटातले रूळ तपासत चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकायच्या, गाडी आली की अंग चोरून कडेला उभं राहायचं, हे काम जन्मभर केलं. आता घरीच असतो.

दिवाळीच्या आधी बायको गेली, हौसा. सकाळी चहा ठेवला आणि चुलीपाशी खाली बसली. मला आवाज ऐकू आला तो चहा उतू गेल्याचा. मी बाहेरनं ओरडलो, "अगं, लक्ष कुटंय तुजं?" तेच शेवटचं बोललो तिच्याशी.

चिमी तेव्हा तीन महिन्यांची होती. हौसा तिला अंघोळीनंतर गुटी द्यायची. सहाणेवर आईच्या दुधात वेखंड, हळकुंड, हिरडा, जायफळ एकेक करून उगाळायचं आणि चमच्यानं पाजायचं. दगडावर एकदा गोल फिरवलं की एक वेढा. कशाचे किती वेढे, ते तिच्या हाताला माहीत. मी शेजारी बसून पेपर वाचायचो. ती गेली आणि पूनमनं गुटी बंद केली. म्हणाली, "आबा, लसीच्या डॉक्टरांनी सांगितलंय, बाहेरचं काही द्यायचं नाही." मी व्हय म्हणालो. सहाण मात्र देवापाशी तशीच राहिली, जायफळ डबीत तसंच.

आठव्या महिन्यात चिमीला दात यायला लागले. लाळ इतकी की दिवसाला सहा-सहा लाळेरी भिजायची. खालची हिरडी फुगून लाल. मूठ तोंडात घालून चावायची. दिवसा खेळायची, हसायची. दिवा मालवला की सुरू. असं रडायची की शेजारचं कुत्रं उठून भुंकायचं.

दत्ताची त्या आठवड्यात कंपनीत रात्रपाळी. पूनम लोणावळ्याला एका रिसॉर्टवर काउंटरला असते, सकाळी सातला हजर व्हावं लागतं. चार रात्री पूनमचा डोळ्याला डोळा नाही. शुक्रवारी काउंटरवर बसल्या बसल्या झोपली आणि साहेबाची बोलणी खाऊन आली. शनिवारी रात्री मी म्हणालो, "दे तिला हिकडं. तू झोप."

"तुमच्यानं होईल का, आबा?"

"दोन पोरं वाढवलीत मी," मी म्हणालो.

तासभर मांडीवर हलवलं. चमचा चावायला दिला. काही उपयोग नाही. मग मला आठवलं की माझ्या पोरांचे दात येताना मला असा त्रास कधी झालाच नाही. दोन्ही पोरं रात्री गप झोपायची. हौसा काहीतरी द्यायची म्हणूनच झोपायची. आणि जायफळानं पोर झोपतं हे तर सगळं गाव म्हणतं.

सहाण घेतली. उगाळायला लागलो. वेढे मोजले नाहीत. दुखणं मोठं तर औषध पण मोठं, असा माझा हिशेब. सहाण तपकिरी झाली, लगदा झाला, तेव्हा थांबलो. दूध घालून दोन चमचे पाजलं. अर्ध्या तासात पोर झोपलं. मी हौसाच्या फोटोकडं बघून म्हणालो, "जमलं बघ मला."

सकाळी सहाला पूनमनं तिला पाजायला घेतलं. तोंड लावेना. हाक मारली, गालाला थोपटलं, डोळे अर्धे उघडायची आणि परत मिटायची. गाल लालबुंद, ओठ कोरडे, छाती धडधड उडत होती.

पूनमनं विचारलं, "आबा, रात्री काही दिलं का हिला?"

"न्हाई," मी म्हणालो.

असं का म्हणालो ते आधी सांगतो, कारण लोक मला तेच विचारतात. एक तर मला सुनेची भीती वाटली. ती नको म्हणाली होती. आणि दुसरं, मला वाटलं नाव हौसाचं खराब होईल. म्हातारीची गुटी बाधली, असं म्हणतील. मेलेल्या बाईला बोल नको. पण पहिलं कारण मोठं होतं. उगीच खोटं कशाला बोलू.

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि म्हणाले, थांबू नका, थेट तळेगावच्या बाजूला जा. शेजाऱ्याची गाडी होती. रविवार. समोरनं फिरायला येणाऱ्यांची रांग, त्यातले निम्मे ओव्हरटेक करून आमच्या अंगावर. कार्ला फाट्याला गाडी अडकली ती हलेना. पूनम चिमीच्या नाकापाशी बोट धरून बसली होती, श्वास लागतोय का ते बघायला. मी पुढच्या सीटवर. तेव्हासुद्धा बोललो नाही.

दत्ता पाळीवरनं परस्पर आला. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई तरुण, दत्तापेक्षा लहान असतील. त्यांनी एकेक विचारलं. ताप होता का? पडली का? आकडी आली का? मग म्हणाल्या, "घरगुती काही दिलं का? गुटी, काढा, काहीही? मी रागावणार नाही." पूनमनं माझ्याकडं बघितलं.

"काय न्हाई," मी म्हणालो. दुसऱ्यांदा.

रक्त काढलं. शुगर बघितली, ती बरोबर निघाली. ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. ठोके फार जोरात होते. रिपोर्टची वाट बघत आम्ही बाकावर. समोर एक बाई पोराला केळं भरवत होती आणि ते पोर थुंकत होतं. ती त्याला म्हणत होती, "खा रे बाबा, डॉक्टरीण सुई घेऊन येतीय बघ." मला त्या बाईचा हेवा वाटला.

मग बाई परत आल्या. "मेनिन्जायटिसची शंका घ्यावी लागतेय," त्या म्हणाल्या. "मेंदूवर जे आवरण असतं त्याला सूज. मेंदूज्वर म्हणतात. खात्री करायला लंबर पंक्चर करावं लागेल. कण्यात सुई घालून थोडं पाणी काढायचं आणि तपासायचं. इथं सही करा."

दत्तानं सही केली. पूनम भिंतीला टेकून उभी राहिली.

काचेतनं मला दिसत होतं. एका सिस्टरनं चिमीला कुशीवर वळवलं. गुडघे पोटाशी दुमडले, मान वाकवली आणि घट्ट धरलं. दुसरीनं ट्रे आणला. चिमीची पाठ माझ्या तळहाताएवढी. तिथं कापूस फिरवला.

मी काच ठोकली. दोन्ही हातांनी. सिस्टर ओरडली, "ओ बाबा, काय करताय!"

"मी दिलं," मी म्हणालो. "जायफळ दिलं. सुई नका घालू. मी दिलंय तिला."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "किती?"

"मोजलं न्हाई."

"अंदाजे किती वेढे, आजोबा?"

"लय. लगदा झाला इतकं."

"कधी?"

"राती. बाराच्या सुमाराला."

त्यांनी आत जाऊन सुई थांबवायला सांगितली. ठोके, डोळे, अंगाचा रंग परत बघितला, कुणाला तरी फोन केला. मग आल्या आणि दुखण्याचं नाव सांगितलं, ते वर लिहिलंय.

"अँटिडोट म्हणजे उतारा. जायफळाला तो नाही," त्या म्हणाल्या. "शरीर हळूहळू बाहेर टाकेल. तोवर सलाईन, ऑक्सिजन आणि नजर ठेवायची. चोवीस-छत्तीस तास. बिघडलं तर ती सुई करावी लागेलच." मग म्हणाल्या, "आल्या आल्या सांगितलं असतंत तर ह्या बाळाला एवढं टोचावं लागलं नसतं. मी रागावणार नाही म्हणाले होते ना?"

खरंच रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पूनम एकच वाक्य बोलली. "आबा, मी घरातच विचारलं होतं तुम्हाला." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. दत्ता जिन्यात जाऊन बसला.

ती रात्र मी खालच्या मजल्यावर काढली. वर एकालाच बसू देत होते. सोमवारी सकाळी चिमी तशीच. ठोके थोडे कमी झाले, एवढंच.

दुपारी गंगूवहिनी आल्या. खंडाळ्याच्या रेल्वे क्वार्टरात त्या आमच्या शेजारी राहायच्या, त्यांचा मालक माझ्याच गँगमध्ये होता. भाकरी आणि पिठलं बांधून आणलं होतं. मी म्हणालो, खाववत नाही. सगळं सांगितलं. म्हणालो, "हौसा किती वेढे द्यायची ते ठाऊक असतं तर हे झालं नसतं, वहिनी. तिनं मला कदी सांगितलं न्हाई."



"भावजी, कसलं जायफळ? जायफळ एक वेढा, तेबी गुटीत. दाताला हौसा काय बी द्यायची न्हाई."

"मग पोरं झोपायची कशी?"

"कोण झोपायचं? तुमी झोपायचा. घोरायचा असं की माज्या भिंतीवरची भांडी वाजायची." त्या हसल्या, मग पदर तोंडाला लावला. "पोर रडाय लागलं की ती गपकन उचलून भायेर पळायची. दार वडून घ्यायची. खांद्यावर टाकून लाईनीच्या कडंनं ह्या टोकापासनं त्या टोकापत्तूर. हिरड्यावर बोट फिरवत. थंडीत बी. मी म्हणायची, अगं ये आत, गारठशील. तर म्हणायची, त्यांची झोप मोडली तर उंद्या रुळावर त्यांचा डोळा लागंल, वहिनी. गाडी काय थांबत न्हाई."

मी विचारलं, किती दिवस?

"दिवस? दोन पोरांचे दात यायला किती दिस लागत्यात, तुमीच मोजा."

मी भाकरी खाल्ली नाही. गंगूवहिनी बस पकडायला गेल्या.

आमच्या गँगमधली दोन माणसं रुळावर गाडीखाली गेली. मी नाही गेलो. मी म्हणायचो, माझी नजर तेज.

सोमवारी संध्याकाळी वर रडण्याचा आवाज झाला. चिमीचा. मी जिना चढत गेलो, गुडघे दुखायचे विसरले. ती तोंड वासून, हिरड्या दाखवून, लाल होऊन रडत होती. ज्या रडण्यावर मी औषध केलं, तेच ऐकायला आम्ही दोन दिवस बसलो होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता रडू दे तिला." सिस्टरसुद्धा हसल्या. मला रडू आलं, ते मी जिन्यात जाऊन आवरलं.

बुधवारी घरी सोडलं. निघताना बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, ते तुम्हीही ऐका. हात स्वच्छ धुवून बोटानं हिरडी हलकी चोळायची. स्वच्छ फडकं ओलं करून फ्रिजमध्ये गार करायचं, बर्फ करायचा नाही, आणि आपल्या नजरेसमोर चावायला द्यायचं. दुकानातलं हिरड्या बधिर करायचं मलम नाही. जायफळ नाही, अफू नाही, मध नाही. औषध द्यायचं तर डॉक्टरांनी वजन बघून सांगितलेलं. दातानं मोठा ताप येत नाही, पोर मलूल पडत नाही. तसं झालं तर दात म्हणून घरी बसायचं नाही. आणि डॉक्टरानं विचारलं, काय दिलं, तर सांगायचं. घरात भांडण झालं तर होऊ दे.

सहाण मी माळ्यावर टाकली. जायफळाची डबी पूनमनं कुठं टाकली ते मी विचारलं नाही.

पुढचे दिवस ती मला चहा द्यायची, जेवायला वाढायची, बोलायची नाही. रात्री चिमी रडली की दार लावून घ्यायची. मी अंथरुणात जागा. माझं चुकलं होतं.

बाराव्या रात्री दार उघडलं. पूनम उभी. डोळे आत गेलेले. चिमी खांद्यावर रडत होती.

"आबा, फडकं फ्रिजमध्ये आहे," ती म्हणाली. "मला सहाला उठवा."

आणि पोर माझ्या हातात दिलं.

मी चिमीला खांद्यावर टाकून बाहेर आलो. दार ओढून घेतलं. अंगणात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत मागं. घाट चढणाऱ्या मालगाडीचा आवाज येत होता. माझे पाय तासाभरात भरून आले. हौसाचे भरत नसतील का? सकाळी उठून मला डबा द्यायची. मी एकदाही विचारलं नाही, झोपलीस का. आता कुणाला विचारू?

तुमची असेल अजून, तर विचारा.

तेव्हापासून रात्री पोर माझ्याकडं असतं. खालचे दोन दात आलेत, वरचे येतायत. बोट फिरवलं की चावते. लागतं. चावू देतो.